आधी घसा आवळतो, की आधी बोटांना मुंग्या येतात?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: रत्नागिरी जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या ३६ वर्षांच्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. गेले दीड वर्ष त्यांना अधूनमधून अचानक श्वास लागतो. स्वयंपाकघरात फोडणीचा खकाणा उठला, वर्गात आवाज चढवावा लागला किंवा सकाळी परिपाठाला उभे राहावे लागले की त्रास सुरू होतो. घसा आवळतो, छाती धडधडते, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. दोनदा तर हातांची बोटे वाकडी होऊन ताठली. सुरुवातीला दमा समजून पंप दिला गेला, पण त्याने फरक पडला नाही. सहा महिन्यांपूर्वी रात्री कॅज्युअल्टीत नेले असता नाकातोंडावर कागदी पिशवी धरली, झोपेचे इंजेक्शन दिले आणि केसपेपरवर ‘हायपरव्हेंटिलेशन, टेन्शन’ असे लिहून घरी पाठवले. त्या विचारतात, “सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग हे मनाचेच आहे का? की डॉक्टरांना न सापडणारा एखादा दुर्मीळ आजार आहे? सोक्षमोक्ष लागेल अशी एकच तपासणी कोणती? सासूबाई म्हणतात, कामाच्या वेळी बरा हिला श्वास लागतो.” पत्रासोबत त्यांनी रिपोर्टांचे फोटोही पाठवले आहेत.

उत्तर:

ताई, तुम्ही पाठवलेले कागद मी दोनदा वाचले, आणि सर्वांत आधी हे सांगितले पाहिजे की ते सगळे नॉर्मल नाहीत. रक्ततपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिन ९.४ आहे आणि त्या आकड्याशेजारी कमी असल्याची खूणही छापलेली आहे. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने धरलेली किमान मर्यादा १२ आहे. आपल्याकडे मात्र बायकांचे हिमोग्लोबिन नऊ-दहाच्या घरात असायचेच, असे घरचेही धरून चालतात आणि कधीकधी दवाखानेही. त्यामुळे तुम्हाला कोणी ‘रिपोर्ट ठीक आहेत’ असे सांगितले असेल, तर ते खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. त्यांनी गंभीर काही शोधले, ते सापडले नाही, आणि हा आकडा नजरेआड झाला. रक्त कमी असताना जिना चढताना धाप लागणे आणि उभे राहिल्यावर छातीत धडधडणे यांत नवल काही नाही. ते का कमी आहे, पाळीत अंगावरून जास्त जाते का, लोहाचा साठा किती आहे, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून उपचार सुरू करणे हे पहिले काम आहे, आणि त्यासाठी कुठल्याही दुर्मीळ आजाराची वाट पाहण्याची गरज नाही.

आता ‘हायपरव्हेंटिलेशन’ या शब्दाकडे येऊ. केसपेपरवर तो निदानासारखा लिहिला जातो, पण खरे पाहता ते लक्षण आहे. ताप आहे म्हटल्यावर ताप कशाचा हे विचारावेच लागते, तसेच हेही आहे. शरीराला गरज असते त्यापेक्षा जास्त हवा आत-बाहेर झाली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते, त्यातील मोकळे कॅल्शियम घटते आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. मुंग्या, वाकडी झालेली बोटे, गरगरणे ही सारी त्याचीच फळे होत. म्हणजे बोटे वाकडी होण्याचे तुम्ही नाटक केले नाही. ते कोणाला हौसेने करता येणारे काम नव्हे, ती रसायनांची करामत आहे. पण इतका श्वास वाढला कशामुळे, याचे उत्तर त्या शब्दात नाही.

त्या रात्रीच्या रक्तवायू तपासणीचा, म्हणजे मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन केलेल्या एबीजीचा कागद तुम्ही जपून ठेवलात, हे फार बरे केलेत. त्यात पीएच ७.५२, कार्बन डायऑक्साइड २६ आणि ऑक्सिजन ११२ आहे. कार्बन डायऑक्साइडची नेहमीची पातळी ३५ ते ४५ असते; म्हणजे त्या वेळी तुमचा श्वास खरोखरच जास्त झाला होता. याहून महत्त्वाचा आहे तो ऑक्सिजनचा आकडा. फुप्फुसातून कार्बन डायऑक्साइड जितका बाहेर पडतो तितकी तिथे ऑक्सिजनला जागा होते, म्हणून निरोगी फुप्फुसाचा माणूस जोरजोराने श्वास घेतो तेव्हा त्याच्या रक्तातला ऑक्सिजन नेहमीपेक्षा वर चढायला हवा. समुद्रसपाटीला, म्हणजे तुमच्याकडे, कार्बन डायऑक्साइड २६ असताना फुप्फुसातला ऑक्सिजन ११७ च्या आसपास असतो. तुमच्या रक्तात तो ११२ होता. ही तफावत किरकोळ आहे, फुप्फुसाने आपले काम चोख केले होते. याच जागी ऑक्सिजन ८४ असता तर कागदावर तो ‘नॉर्मल’च्या कक्षेत छापला गेला असता, पण मी तुम्हाला हे उत्तर लिहीत बसले नसते, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे का, हे त्याच दिवशी पाहायला सांगितले असते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर हा फरक दिसत नाही, कारण दोन्ही वेळा ते यंत्र ९७-९८ च्याच घरात काहीतरी दाखवील. त्याला कार्बन डायऑक्साइड मुळी कळतच नाही.

याच कारणासाठी कागदी पिशवीबद्दल मी कडकपणे लिहिते आहे. बाहेर सोडलेला कार्बन डायऑक्साइड परत आत घ्यायचा, ही त्यामागची कल्पना ऐकायला सोयीची आहे. पण पिशवीत ऑक्सिजनही झपाट्याने कमी होतो. ज्याला ‘टेन्शनचा झटका’ समजून पिशवी लावली त्याला प्रत्यक्षात हृदयविकाराचा झटका किंवा फुप्फुसाचा आजार असेल, तर ती जीवघेणी ठरते, आणि असे मृत्यू १९८९ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले आहेत. घरात कोणीही, कोणासाठीही, हा उपाय करू नये.

तुमच्या पत्राचा खरा गाभा मला वेगळ्याच ठिकाणी सापडला. तुम्ही सगळ्या झटक्यांना ‘हा त्रास’ असे एकच नाव दिले आहे, आणि डॉक्टरांनीही तेच केले. पण तुमचीच दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. “फोडणीत मिरची पडली की कोणी गळा दाबावा तसा श्वास आत जाताजाता अडकतो, आवाज बसतो, आणि पाचेक मिनिटांत एकदम सुटतो.” आणि दुसरे: “परिपाठात प्रतिज्ञा संपेपर्यंत उभे राहवत नाही, आधी धडधड, मग डोळ्यांपुढे अंधारी, मग मुंग्या, बसले की बरे वाटते.” पहिल्यात घसा आहे, आत जाणारा श्वास आहे, आवाज आहे. दुसऱ्यात घशाचा उल्लेखसुद्धा नाही; तिथे उभे राहणे आणि बसणे आहे. ही एकाच आजाराची दोन रूपे असतील असे आपण गृहीत का धरावे? एका माणसाला एकच आजार असावा, ही वैद्यकशास्त्राची आवडती समजूत आहे, पण शरीराने तसे वचन दिलेले नाही.

पहिल्या प्रकाराबद्दल माझा संशय स्वरयंत्रावर आहे. श्वास आत घेताना स्वरतंतू एकमेकांपासून दूर व्हायला हवेत. काही जणांमध्ये ते खकाणा, उग्र वास, खडूची धूळ, पोटातले आम्ल, जोराचा व्यायाम किंवा ताणलेला आवाज अशा निमित्ताने उलट जवळ येतात आणि हवेची वाट अरुंद करतात. दम्यात अडचण मुख्यतः श्वास बाहेर सोडताना असते आणि छातीत शिट्टी वाजते. इथे अडचण आत घेताना असते आणि आवाज घशातून येतो. लांबून दोन्ही सारखेच वाटतात. १९८३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथील डॉक्टरांनी अशा ५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ते सगळे दम्याचे रुग्ण समजले जात होते आणि दम्याच्या औषधांनी त्यांना गुण येत नव्हता. तुमचा पंप का लागू पडला नाही, याचे उत्तर कदाचित इथे असेल. कदाचित म्हणते, कारण दमा आणि स्वरतंतूंचा हा दोष एकाच माणसात एकत्रही असतात. त्यामुळे हे वाचून पंप केरात टाकू नका. तो बंद करायचा की नाही, हे फुंकण्याच्या चाचणीनंतर छातीच्या डॉक्टरांनी ठरवावे.

त्या चाचणीबद्दल एक सूचना आहे. ती बहुतेक ठिकाणी फक्त जोराने फुंकून घेतली जाते. तुमच्या बाबतीत फुंकून झाल्यावर तितक्याच जोराने श्वास आत घ्यायला लावून आत जाणाऱ्या हवेचा आलेखही काढायला सांगा. तो खालच्या बाजूला सपाट आला, तर स्वरयंत्राकडे बोट जाते. मात्र त्रास नसताना हा आलेख सुरेख येऊ शकतो, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बीण घालून पाहिले तरी स्वरतंतू शहाण्या मुलासारखे वागतात. म्हणून जिथे सोय आहे तिथे सायकल चालवायला लावून किंवा त्रास उद्भवेल अशी परिस्थिती आणून दुर्बिणीने पाहतात. तुमच्या तालुक्याच्या गावी हे होणार नाही. मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयात आधी फोन करून, ही तपासणी तिथे होते का हे विचारूनच जा, नाहीतर एक खेप फुकट जाईल.

तोवर तुमच्या हातात एक साधन आहे, ते म्हणजे मोबाइल. पुढचा झटका येईल तेव्हा तुमच्या यजमानांनी तुमचा चेहरा, गळा आणि छाती एकत्र दिसेल असे दोन मिनिटांचे चित्रण करावे. आवाज स्पष्ट यावा म्हणून पंखा बंद करावा आणि मिक्सर चालू असेल तर तोही. मिनिटाला किती श्वास झाले, आवाज श्वास आत जाताना येतो की बाहेर येताना, खांदे वर उचलले जातात का, बोलताना वाक्य तुटते का, हे सगळे त्यात दिसते. तुम्हाला संकोच वाटेल, हे मला कळते. पण जो झटका डॉक्टरांसमोर कधीच येत नाही तो त्यांच्यापुढे ठेवण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही. त्या चित्रणानंतर लगेच, विसरण्याआधी, एका ओळीत उत्तर लिहून ठेवा: आधी घसा आवळला, की आधी बोटांना मुंग्या आल्या? घसा आधी असेल, तर श्वास अडकल्याच्या भीतीने तुम्ही पुढे जोरजोराने श्वास घेतला आणि मुंग्या त्यातून आल्या, असा क्रम लागतो. म्हणजे कॅज्युअल्टीत पाहिलेले हायपरव्हेंटिलेशन खरेच होते, पण ती गोष्टीची दुसरी ओळ होती; पहिली ओळ रुग्णालयात पोहोचेपर्यंत संपली होती.

दुसऱ्या प्रकारासाठी, परिपाठाच्या झटक्यासाठी, घरीच एक मोजणी करता येते. सकाळी दहा मिनिटे शांत पडून राहा, नाडी आणि रक्तदाब मोजा. मग उभे राहून, भिंतीला न टेकता, पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा मोजा. शेजारी माणूस असू द्या आणि अंधारी आली तर लगेच आडव्या व्हा. रक्तदाब फारसा न उतरता नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढली आणि असे वारंवार दिसले, तर ‘पॉट्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराचा विचार करावा लागतो. या विकारात काही जणांचा श्वासही नुसत्या उभे राहण्याने वाढतो आणि तेही ‘टेन्शन’ म्हणूनच घरी पाठवले जातात. पण ९.४ हिमोग्लोबिनवर तो शिक्का कोणी मारू नये, तुम्हीही स्वतःवर मारून घेऊ नका. आधी रक्त भरून येऊ द्या, मग मोजणी पुन्हा करा. मला आपले वाटते, पण नुसते वाटते, की परिपाठाचा त्रास तेवढ्याने बराचसा ओसरेल.

सोक्षमोक्ष लावणारी एकच तपासणी तुम्ही मागितली आहे. अशी एक होती, निदान तसे मानले जात असे. रुग्णाला मुद्दाम काही मिनिटे जोराने श्वास घ्यायला लावायचे, आणि ‘हाच माझा त्रास’ असे तो म्हणाला की हायपरव्हेंटिलेशन सिंड्रोमचे निदान पक्के. १९९६ मध्ये नेदरलँड्समधील डॉक्टरांनी ११५ रुग्णांवर हीच चाचणी दोनदा केली. एकदा नेहमीसारखी, आणि एकदा कार्बन डायऑक्साइड घटू न देता. पहिल्या वेळी ८५ जणांनी आपला त्रास ओळखला. त्या ८५ पैकी ५६ जणांनी दुसऱ्या वेळीही ओळखला, जेव्हा रक्तात काहीच बदललेले नव्हते! तेव्हापासून या चाचणीची पत गेली. नायमेगेन या डच शहराच्या नावाची एक प्रश्नावलीही आहे, १६ प्रश्न, ६४ गुण, २३ च्या वर गेले की श्वासाची घडी बिघडल्याचा संशय. पण तिच्यातली धडधड, चक्कर, मुंग्या ही लक्षणे रक्त कमी असलेल्या बाईलाही असतात. तुम्ही ती आज भरलीत तर भरपूर गुण मिळतील आणि त्यावरून काहीच ठरणार नाही.

दुर्मीळ आजारांची भीती तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे लिहिते. मेंदूच्या खोडात, जिथे श्वासाचे केंद्र असते, तिथे गाठ झाल्याने सतत जलद श्वास चालणारा एक विकार आहे. मधुमेहात किंवा मूत्रपिंडाच्या आजारात रक्त आम्लधर्मी झाल्यावरही श्वास असाच खोल आणि जलद होतो. या सगळ्यांना वेगळे काढणारा एक साधा प्रश्न आहे: झोपेत काय होते? मेंदूच्या किंवा रक्तातील आम्लाच्या कारणाने वाढलेला श्वास माणूस झोपला म्हणून थांबत नाही. सवयीने, भीतीने किंवा घशामुळे बिघडलेला श्वास झोपेत ताळ्यावर येतो. तुमच्या यजमानांनी रात्री दोन वाजता उठून पूर्ण एक मिनिट मोजले आणि १४ श्वास भरले, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा. हजारो रुपयांच्या एखाद्या तपासणीइतकी माहिती त्यांनी एका मिनिटात मिळवली आहे.

निरीक्षणाचा विषय निघाला म्हणून सांगते, सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहणारे डच निरीक्षक लेव्हेनहूक यांना म्हातारपणी पोटाच्या वरच्या भागात फडफड होऊन श्वास लागत असे. डॉक्टर म्हणाले, हृदयाची धडधड आहे. लेव्हेनहूक यांनी नाडीशी ताडून पाहिले, ती शांत होती, आणि त्यांनी कळवले की फडफडते आहे ते छाती-पोटामधले पडद्यासारखे स्नायू, मध्यपटल. त्यांचेच बरोबर होते. मध्यपटलाच्या त्या दुर्मीळ विकाराला आजही त्यांचे नाव दिले जाते.

ज्या वाचकांचा त्रास तुमच्यासारखा नाही त्यांनी काही गोष्टींकडे लक्ष द्यावे. उताणे निजले की, भातलावणीला वाकले की किंवा छातीइतक्या पाण्यात उतरले की ज्यांना दम लागतो, त्यांच्या मध्यपटलाची ताकद तपासून घ्यावी. जोडीला संध्याकाळी पापण्या जड होत असतील, आवाज नाकातून येत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. उलट, बसले की दम लागतो आणि आडवे झाले की बरे वाटते अशांनी ऑक्सिजन दोन्ही अवस्थांत मोजावा. मळमळीच्या किंवा मनोविकाराच्या काही औषधांनी श्वासाचे स्नायू वेडेवाकडे चालू शकतात, म्हणून गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. आणि ज्यांच्या एका पायाला सूज आहे, नुकतेच बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा हाड मोडून झोपून राहणे झाले आहे, छातीत दुखते, थुंकीतून रक्त येते, शुद्ध हरपते, ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ च्या खाली जातो, किंवा खूप तहान-लघवी-उलट्या यांसह श्वास वाढला आहे, त्यांनी हा सल्ला वाचत न बसता रुग्णालय गाठावे. वयात येणाऱ्या मुलीचा श्वास वाढला की ‘अभ्यासाचे टेन्शन’ म्हणण्याआधी तिची रक्तशर्करा तपासावी, कारण पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची पहिली ओळख पुष्कळदा अशीच होते.

राहिला मनाचा प्रश्न. हे मनाचे की शरीराचे, असे तुम्ही विचारता तेव्हा मनाचे म्हणजे खोटे, असे तुम्हीही मान्य करून टाकता. भीतीचे झटके हाही खरा आणि बरा होणारा आजार आहे, आणि तपासणीअंती तोच निघाला तर तुम्ही हरलात असे होत नाही. तुमच्या पत्रात मला दोन मागण्या मिसळलेल्या दिसतात: एक निदानाची आणि दुसरी, सासूबाईंसमोर उभा करता येईल अशा साक्षीदाराची. दुसरीसाठी दुर्बीण वापरू नका. फोडणीच्या वेळी श्वास लागतो हे त्यांचे निरीक्षण अगदी खरे आहे. त्यांनी काढलेला अर्थ तेवढा वेगळा. खरे तर त्यांनाच सांगा की, आई, कोणत्या फोडणीला जास्त होते ते तुम्ही लक्षात ठेवा, मला त्या वेळी सुचत नाही.

आता तातडीचे. डॉक्टरांना विचारून रक्त भरून येण्याचे उपचार लगेच सुरू करा. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, आणि शक्य असेल तोवर मिरची दुसऱ्या कोणीतरी टाकावी. वर्गात ओरडण्याऐवजी टेबलावर पट्टी वाजवा. गळ्याला विश्रांती मिळेल. घसा आवळू लागला की तोंडाने मोठा श्वास ओढण्याचा मोह आवरा, नाकाने फूल हुंगावे तसे दोन छोटे श्वास आत घ्या आणि बशीतला गरम चहा फुंकावा तसा ओठांचा चंबू करून सावकाश बाहेर सोडा. याने स्वरतंतू उघडायला मदत होते. हे तंत्र नीट शिकवणारे लोक म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ आणि श्वसनाचे प्रशिक्षण असलेले फिजिओथेरपिस्ट, आणि स्वरयंत्राचे निदान पक्के झाले तर गोळ्यांपेक्षा त्यांचाच उपयोग अधिक होतो.

छातीच्या डॉक्टरांकडे जाताना ‘मला हायपरव्हेंटिलेशन आहे’ असे म्हणून खुर्चीत बसू नका. त्या एका शब्दाने त्यांचे विचारायचे अर्धे प्रश्न संपतात. म्हणा, “मला दोन प्रकारचे झटके येतात, एक घशाचा आणि एक उभे राहिल्याचा,” आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरा.